पडद्यामागून वाचलेली नावे

कर्जत, ता. २५ नोव्हेंबर १९३०

ती. सौ. आवडीअक्का हिचे चरणी,
गजाचा सा. न. वि. वि.

तुझे कार्ड पावले आणि चार ओळींत संपलेही. पूर्वी एका कार्डावर तू सबंध खालापूर बसवत असेस. शेजारणीच्या म्हशीपासून कचेरीतल्या बदल्यांपर्यंत. हल्ली तुझे अक्षर माझ्या शाळेतल्या बिगरीच्या पोरांसारखे टपोरे झाले आहे, आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. भावजी कचेरीतून शाई आणत नाहीत का? की धाकट्या भावाला लिहायला तुला आता कंटाळा येतो?

बातमी अशी, की वाचनालयाच्या कमिटीने माझी फिरत्या पेटीची कल्पना अखेर मान्य केली. तीन वर्षे चिटणीस म्हणून त्या खोलीत बसतो आहे. शाळा सुटली की मी तिकडे, आणि जया घरी ताट झाकून रागावलेली. पण तिथे येतात ती गावातलीच दहा-बारा माणसे, तीही वर्तमानपत्रापुरती. पुस्तके कपाटात बसून आहेत. म्हणून ठरवले, की लोक येत नसतील तर पुस्तकांनी जावे. पहिली पेटी खालापूरला, तुझ्या घरी. कमळ्या गाडीवान बुधवारी घेऊन येईल. त्याला चहा दे; तो पुस्तकांना पोरीला सासरी पोचवावे तसा जपतो.

नियम थोडे आहेत आणि मीच लिहिले आहेत. पुस्तक नेणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे, पाने दुमडायची नाहीत, आणि पेटी सांभाळणाऱ्यास उत्तम लिहिता-वाचता आले पाहिजे. हा शेवटचा नियम लिहिताना डोळ्यांपुढे तूच होतीस. आई गेल्यावर माजघरातल्या खिडकीशी बसून मला अक्षरे तूच शिकवलीस. तुझ्याहून चांगला माणूस या तालुक्यात मला कोण मिळणार?

भावजींस नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा
गजा


खालापूर, ता. १६ डिसेंबर १९३०

चि. गजाननास आवडीचे अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. कमळ्याने ती ओटीवर ठेवली आणि चहा पिऊन होईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. तुझ्या भावजींनी दिवाणजीच्या थाटात वही उघडून सगळ्या पुस्तकांची नावे मोठ्याने वाचली. मी नुसती ऐकत बसले.

अक्षराबद्दल चेष्टा पुरे. बोटे थंडीने आखडतात.

आता माझा दरबार ऐक. सोमवारी आणि गुरुवारी जेवणे आटोपली की मागच्या पडवीत बायका जमतात. पहिल्या दिवशी शेजारची पारू एकटीच आली, तीही पुस्तकात पाककृती असतील म्हणून. आता सात-आठजणी असतात. त्यात सफिया आहे. गेल्या श्रावणात ती मोहल्ल्यात राहायला आली. नवरा झाकीर आगबोटीवर खलाशी, वर्षाचे दहा महिने समुद्रात. माहेरी तिचे मराठी चौथीपर्यंत झाले आहे. वाचते ती. मी तिलाच वाचू देते, कारण गळा गोड आहे आणि मला तेवढ्यात तांदूळ निवडून होतात. सुरुवातीला पारूची सासू कुरकुरली, की मोहल्ल्यातली बाई आपल्या घरात बसून पोथीसारखे वाचते हे काय. मी म्हटले, तुम्हीच या आणि वाचा. त्यानंतर ती रोज सगळ्यांच्या आधी येते.

आणखी एक श्रोती आहे, भागी. ठाकरवाडीतून पळसाची पाने घेऊन बाजाराला उतरते. एका गुरुवारी पानांचा भारा पायरीवर टेकून ऐकत उभी राहिली. आत ये म्हटले तर म्हणाली, आमी पायरीवरच बरं हावं, हितनं पन आयकू येतं. तिसऱ्या वेळेला मीच हाताला धरून आणली. आम्ही ती नावाड्याच्या मुलीची कादंबरी वाचतो आहोत. परवा ती मुलगी भरल्या पुरात नाव घालते तिथे भागीने वाचनच थांबवले. म्हणाली, ही पोर खुळी हाय, पानी उतरंपातुर थांबाया काय झालं व्हतं? त्यावर पारू म्हणाली, पलीकडे तिचा बाप आजारी आहे ना! अर्धा तास दोघी भांडल्या. पुस्तक लिहिणाऱ्याने ते ऐकायला हवे होते.

एक मागणे आहे. पुढच्या पेटीत मोठ्या टायपाची पुस्तके घाल. नवशिक्या बायकांना बरी पडतात. जयाला आशीर्वाद, आणि तिचे झाकलेले ताट निमूट जेवत जा.

तुझे बरे चिंतणारी
आवडी


कर्जत, ता. ९ जानेवारी १९३१

ती. सौ. आवडीअक्का हिचे चरणी,
गजाचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी कमिटीत वाचून दाखवले. भागीच्या भांडणाला आमचे अध्यक्ष रावसाहेब इतके हसले, की पुढचे दोन विषय आपोआप मंजूर झाले. पण तिसऱ्यावर लढाई झाली.

विषय असा. नेरळास एक आगबोटीवरचे निवृत्त इंजिनिअर राहायला आले आहेत. त्यांच्याकडे मॅजिक लँटर्न आहे आणि बंदराबंदरांची चित्रे काढलेल्या काचा. मुंबईहून निघालेली बोट एडन, सुवेझ करत विलायतेला कशी पोचते ते पडद्यावर दाखवत व्याख्यान देतात. शनिवारी १७ तारखेला ते आपल्याकडे येणार. मी म्हटले, बायकांनाही बोलवू. झाले! एक सभासद म्हणाले, बायका मागे बसल्या तर त्यांना काय दिसणार? दुसरे म्हणाले, पुढे बसल्या तर आम्ही कुठे पाहायचे? तिसऱ्यांना अंधाराची काळजी. शेवटी लाकडाच्या वखारीचे अब्दुलशेठ, जे कमिटीत सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, की मुंबईस त्यांनी असा खेळ पाहिला आहे. चादर ओली करून खोलीच्या मधोमध ताणावी. चित्र दोन्ही बाजूंनी दिसते. पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. रावसाहेब म्हणाले, हा तोडगा मलाही सुचलाच होता.

तेव्हा तू मंडळी घेऊन ये. खेळ दुपारीच आहे. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करणार, म्हणजे तुम्ही दिवेलागणीच्या आत घरी. कमळ्याला गाडी घेऊन पाठवतो. सफियाबाईंना जरूर आण. प्रत्येक काचेच्या खाली बंदराचे नाव मी स्वतः मराठीत लिहिले आहे, सुईच्या टोकाने. तीन दिवस मान दुखते आहे.

मोठ्या टायपाची पुस्तके मिळाली नाहीत. शोधतो आहे.

सगळ्यांस यथायोग्य. तुझी वाट पाहणारा
गजा


खालापूर, ता. २० जानेवारी १९३१

चि. गजाननास आवडीचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्याशी बोलायला मिळाले नाही; तू त्या ओल्या चादरीच्या दोऱ्या सांभाळत होतास आणि जया आमच्या चहात गुंतलेली. तिच्या हातचे तिळाचे लाडू अजून फडक्यात आहेत.

गजा, काय तो खेळ! एडनचे डोंगर म्हणजे नुसते काळे दगड, झाडाचे पान नाही, आणि पायथ्याशी पांढरी घरे पाखरांनी बसावे तशी बसलेली. सुवेझला दोन्हीकडे वाळू आणि मधून बोट चालली आहे, जणू वाळूतूनच चालते, आणि काठाने उंटावरचा माणूस तिच्या बरोबरीने निघालेला. सफियाने सबंध वेळ माझा हात धरून ठेवला होता. एडन आले तेव्हा तिने तो घट्ट आवळला. मग हळूच म्हणाली, त्यांचं बकरी ईदचं पत्र हितनंच आलं होतं अक्का. मला वाटायचं, एडन म्हणजे बाजार असेल, हिरवळ असेल. इतक्या रुक्ष जागेतनं त्यांनी एवढं गोड पत्र लिहिलं! त्यानंतर तिने दोनदा डोळे पुसले. ते मला तिच्या हातावरून कळले.

भागीचा एक प्रश्न इंजिनिअरसाहेबांना विचारशील. तिची लोखंडाची विळी नदीत पडली ती पडताक्षणी तळाला गेली. मंग येवढं लोखंड पान्यावर ऱ्हातं कसं, असे ती परतीच्या वाटेवर चौक येईपर्यंत विचारत होती. कमळ्याने उत्तर दिले, की साहेबाचं लोखंड निराळं असतं. तिला ते पटले नाही.

तू लिहिलेली नावे फारच ठसठशीत आली होती. मी एकूण एक वाचून मंडळीला सांगितली. मान दुखल्याचे चीज झाले.

तुझ्या भावजींना आता विलायतेस जायचे आहे असे ते सकाळपासून म्हणताहेत. माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.

आवडी


कर्जत, ता. २४ जानेवारी १९३१

ती. सौ. आवडीअक्का हिचे चरणी,
गजाचा सा. न. वि. वि.

भागीबाईंस सांग, इंजिनिअरसाहेब त्यांच्या प्रश्नाने खूश झाले. रिकामा तांब्या पाण्यावर सोडून पाहा म्हणाले. तांब्यात पोकळी आहे म्हणून तो तरंगतो; बोटही एक मोठा तांब्याच. विळी भरीव, म्हणून बुडाली. पुढच्या व्याख्यानाला ते हाच विषय घेणार आहेत.

आता दुसरी गोष्ट. तुझे पत्र मी जयाला वाचून दाखवत होतो. नावे वाचल्याचा मजकूर आला तसा मी फुशारलो. जया म्हणाली, वन्सं कशी वाचतील? मी त्यांच्या मागेच बसले होते, मला एक अक्षर लागलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही पडद्याच्या पाठीमागे होता. तिकडून चित्र दिसते, पण डावे ते उजवे होऊन. डोंगराला त्याचे काही वाटत नाही. अक्षरे मात्र सगळी उलटी. माझ्यासारख्या शहाण्याने तीन दिवस मान मोडून लिहिलेली नावे अर्ध्या सभेला वाचताच आली नाहीत.

आम्ही दोघे पोट धरून हसलो. मग मी हसायचा थांबलो. अक्का, तू माझ्याशी खोटे का बोललीस? ते मोठे अक्षर, एकमेकींवर चढणाऱ्या ओळी, मोठ्या टायपाची पुस्तके. सफियाचे डोळे तुला तिच्या हातावरून कळले. तुझ्या डोळ्यांना काय झाले आहे? चेष्टा बाजूला ठेवून विचारतो आहे. मला खरे लिही.

काळजीत असलेला
गजा


खालापूर, ता. ३० जानेवारी १९३१

चि. गजाननास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून राग आला. मास्तर झालास म्हणून थोरल्या बहिणीची परीक्षा घ्यायची नसते. नावे अंदाजाने सांगितली. बोटीची चित्रे पाहून बंदर कोणते हे शेंबडे पोरही सांगेल. डोळ्यांना काही नाही. थोडे धुरकट दिसते, ते चुलीचे. गुलाबपाणी घालते आहे. तळ्यापाशी एक डोळ्यांचा वैदू उतरला आहे. तुझे भावजी त्याला विचारून आले. त्यांना माझी काळजी आहे. तू करू नकोस.

पेटी व्यवस्थित आहे. पुस्तके सुखरूप आहेत. नावाड्याच्या मुलीची तीन प्रकरणे राहिली. पेटी परत नेण्याची घाई करू नये.

बाकी ठीक.
आवडी


खालापूर, ता. ५ फेब्रुवारी १९३१

मेहेरबान मास्तरसाहेबांस
खलाशी झाकीर यांचे घरून सफियाचा सलाम.

तुम्हाला लिहिण्याचा माझा हक्क नाही. चुकले तर माफ करा. आवडीअक्कांनी मला गळ्याची शपथ घातली आहे, की गजाला कळता कामा नये. मी आजपर्यंत पाळली. पण आमचे रोजे सुरू आहेत. दिवसभर तोंडात पाणी घालत नाही आणि पोटात ही गोष्ट ठेवते, हे मला जमेनासे झाले.

अक्कांना दिसत नाही. उजव्या डोळ्याने दिवा पेटला आहे की नाही एवढेच कळते, डाव्याने माणसाचा आकार. पेटी आली त्या दिवसापासून त्यांनी एक ओळ वाचलेली नाही. तुमची पत्रे मी वाचून दाखवते. उत्तर त्या स्वतः लिहितात, कागदावर डाव्या हाताचे बोट धरून, ते सुटले की ओळ चढते. बोटीच्या खेळात मी कानात सांगत होते ते त्यांनी तुम्हाला लिहिले. नावे मलाही लागली नव्हती. ती त्यांनी प्रेमापोटी घातली, तुम्हाला बरे वाटावे म्हणून.

त्या सांगत नाहीत याचे कारण तुमचा नियम. पेटी सांभाळणाऱ्याला वाचता आले पाहिजे. त्यांना वाटते, कळले तर पेटी जाईल, आणि आमची पडवी बंद होईल. मी पुष्कळ सांगितले, तुमचे भाऊ असे नाहीत. त्या म्हणाल्या, भाऊ नाही गं, पण कमिटी असते.

आता लिहिण्याचे खरे कारण. सोमवारी तो वैदू सळईने त्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू खाली पाडणार आहे. तुमच्या भावजींनी, रावजींनी, चांगल्या मनानेच ठरवले आहे. मुंबईच्या इस्पितळाची त्यांना धास्ती वाटते. पण कुंभिवलीच्या जनाबाईंचा डोळा याच माणसाने गेल्या वर्षी असाच केला. मोती पडला, आठ दिवस दिसले, मग डोळा पिकून बसला. मी जनाबाईंना जाऊन भेटून आले. त्या म्हणाल्या, पोरी, तुझ्या अक्काला माझं तोंड दाखव. पण अक्कांना तोंड दिसेल कसे?

मास्तरसाहेब, सोमवारच्या आत या. मी लिहिले हे त्यांना समजले तर त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. ते मी सोसेन.

तुमच्या बहिणीची लेकीसारखी
सफिया


मुंबई, ता. २१ फेब्रुवारी १९३१

खालापूरच्या मागच्या पडवीतील सर्व मंडळींस,
गजाननचा नमस्कार आणि सलाम. सफियाबाईंनी हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवावे.

अक्काचे ऑपरेशन गेल्या आठवड्यात गुरुवारी झाले. उजवा डोळा केला. डॉक्टर म्हणतात, मोती सबंध निघाला, पू नाही, आशा चांगली आहे. पट्टी सुटल्यावरच खरे कळेल. डावा पुढच्या वर्षी.

त्या शनिवारी मी खालापूरला आलो तेव्हा काय झाले ते पारूबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलेच असेल. अक्का म्हणाली, ही चहाडी कोणी केली ते मला माहीत आहे. भावजी म्हणाले, वैदूला शब्द दिला आहे.  सकाळी मी कमळ्याला कुंभिवलीस पाठवून जनाबाईंना आणले आणि भावजींसमोर बसवले. जनाबाईंनी पदर बाजूला केला. भावजींनी तो बसलेला डोळा पाहिला. मग आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने अक्काचे गाठोडे बांधले. शब्द परत घ्यायला तळ्यावरही तेच गेले.

इस्पितळात अक्काला उताणे निजवले आहे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचे नाही, हसायचे नाही, मान हलवायची नाही. बोलायचे नाही असे मात्र डॉक्टर सांगायला विसरले. तेव्हा त्या दालनातल्या अकरा बायकांना आता भागीबाईंची विळी, पारूबाईंची सासू आणि एडनचे डोंगर तोंडपाठ आहेत. भागीबाईंची गोष्ट सांगताना तिलाच हसू येऊ लागते, तेव्हा परिचारिका धावत येते.

मी पेटीतले नावाड्याच्या मुलीचे पुस्तक बरोबर आणले होते, वेळ जावा म्हणून. तुम्ही जिथे थांबला होता तिथून चार ओळी वाचल्या असतील. अक्काने हात वर करून मला थांबवले. म्हणाली, पुढं नको. त्या मागं राहतील. तेव्हा पुस्तक टपालाने कर्जतला आणि तिथून कमळ्याबरोबर परत पाठवतो आहे. तिच्याकरताही थांबाल ना?

एक गोष्ट मला सगळ्यांसमोर कबूल करायची आहे. तो नियम मी एका संध्याकाळी, चहा थंड होतो म्हणून घाईने लिहिला होता. त्या एका ओळीपायी माझी बहीण अडीच महिने अंधारात चाचपडत मला पत्रे लिहीत राहिली, आणि मी तिच्या अक्षराची चेष्टा करत होतो. जिने मला अक्षरे शिकवली, तिच्या अक्षराची. तो नियम मी खोडला आहे. पेटी पडवीतच राहील.

सफियाबाईंस ईद मुबारक. अक्का अजून तुमचे नाव घेत नाही, हे खरे आहे. पण काल मी पाणी पाजत असताना म्हणाली, तिनं शीरखुर्मा केला असेल तर एक वाटी कोणाबरोबर तरी पाठवायला हवी होती.

तुमचा सर्वांचा ऋणी
गजानन


खालापूर, ता. २४ फेब्रुवारी १९३१

आवडीअक्कांस
पडवीतल्या सगळ्यांचा नमस्कार आणि सलाम. लिहिणारी सफिया. प्रत्येकीने सांगितले तसे लिहिते आहे, माझ्या मनाचे काही घालत नाही.

पारू म्हणते, की तिने तुमची तुळस आणि रावजी दोघांना वेळेवर पाणी दिले आहे. तुळस चांगली आहे. रावजी जेवत नाहीत नीट. तिची सासू म्हणते, लवकर या, सफिया वाचताना मधेच थांबते आणि आता सांगायला कोणी नाही की पुढे वाच.

भागी म्हणते, बाई, तांब्या तरला. म्या वाडीतल्या समद्यांना नदीवर नेऊन दावला. शुक्रा माजा दादला, त्यो म्हंतो मला समदं आदीच म्हाईत व्हतं. मुंबईचं पानी बादंल तर करवंदीच्या मुळीचा काढा घे. आनी ह्या सफियेवर रागं भरू नगं. तिनं केलं म्हनून तुजा डोळा ऱ्हायला. रागं भरशील तर मी पानं दुसरीकडं टाकीन.

हे शेवटचे मी लिहायला तयार नव्हते, भागीने बोट धरून लिहायला लावले.

पुस्तक आले. कोणी उघडले नाही. त्याऐवजी दुसरे, किल्ल्यांच्या माहितीचे, वाचतो आहोत. कोणालाच आवडत नाही, पण वाचतो.

माझे मला काही सांगायचे नाही. शपथ मोडली त्याची शिक्षा द्या, पण समोर येऊन द्या. शीरखुर्मा केला होता. तुमची वाटी बाजूला काढून ठेवली आणि दोन दिवसांनी मीच रडत खाल्ली.

सफिया


खालापूर, ता. १० एप्रिल १९३१

चि. गजाननास आवडीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे अक्षर पाहा. एका पानात किती मजकूर बसवते आहे तो मोज आणि मग मला बिगरीतली पोर म्हण. चष्मा इतका जाड आहे, की तुझे भावजी म्हणतात, तू बघतेस तेव्हा तुझा डोळा आधी घराबाहेर येतो. नाकावर वळ उठला आहे. पण गजा, मला तांदळातला खडा दिसतो. पिंपळाची पाने निरनिराळी दिसतात. तुझ्या भावजींचे केस सगळे पांढरे झाले आहेत, हे मला कोणीच कसे सांगितले नाही? मी विचारले तर म्हणाले, तुला दिसत नव्हतं तोवर मी तरुणच होतो. तेवढे म्हणून ते कचेरीला गेले आणि मी दारात उभी राहून ते वळेपर्यंत पाहत राहिले.

सफियाची गोष्ट तुला लिहायची आहे. पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मंडळी जमली. ती सगळ्यांच्या शेवटी आली आणि दाराशीच उभी राहिली. मी तिला आवाजाने ओळखत होते, हाताने ओळखत होते. तोंड कधी नीट दिसले नव्हते. त्या गळ्यावरून मी मनाशी एक गोरी, नितळ, विशीची पोर धरून बसले होते. दारात एक ठेंगणी, सावळी बाई उभी. हनुवटीवर देवीचे वण, ओढणीखाली कानाशी दोन पांढऱ्या बटा. चाळिशीची असेल. मी इतकी पाहत राहिले की तिने ओढणी पुढे ओढली. म्हणाली, अक्का, मी काय शिक्षा भोगायला आले ती द्या, पण असं बघू नका. मी काय बोलणार होते ते आठ दिवस ठरवून ठेवले होते.  पण मी तिला जवळ ओढले एवढेच. भागी म्हणाली, झालं का, मंग आता वाचा!

मग माझी हौस उफाळून आली. अडीच-तीन वर्षांनी हातात पुस्तक, डोळ्याला अक्षर लागते आहे. मी म्हटले, आज मी वाचणार. नावाड्याच्या मुलीचे पुस्तक जिथे राहिले होते तिथे उघडले. सगळ्या नीट सावरून बसल्या. मी एक पान वाचले, दुसरे वाचले. अडखळत होते, चष्मा घसरत होता, पण मला वाटले छान चालले आहे. मान वर केली तर पारू पदराने वारा घेते आहे आणि तिची सासू पेंगते आहे.  शेवटी भागीच म्हणाली. बाई, तुला दिसतंय याचा आमाला लई आनंद हाय. तू घरी वाच. हितं सफिया वाचंल.

सगळ्या हसल्या. गजा, तुझ्यापासून आता काही लपवायचे नाही म्हणून लिहिते, मला वाईट वाटले. क्षणभर वाटले, डोळे कशाला परत मिळाले मग. मी पुस्तक सफियाच्या हातात दिले. ती नको नको म्हणत होती. मीच म्हटले, घे गं, त्यांचं खरं आहे.

आता तुझे काम. पेटी सांभाळणारी म्हणून वहीत माझ्या नावाजागी सफियाचे नाव घालायचे. रीतसर कमिटीच्या ठरावाने. काही जणांच्या भुवया वर जातील ते मला ठाऊक आहे. त्यांना सांग, चार महिने पेटी तिनेच सांभाळली, वहीतली नावे तिच्याच हातची आहेत, आणि एकाही पुस्तकाचे पान दुमडलेले नाही. अब्दुलशेठ दुजोरा देतील. रावसाहेबांना म्हणावे, हे तुम्हालाही सुचलेच असेल.

ती वाचू लागली आणि मी भिंतीला टेकून बसले. आजपर्यंत एक तर मी स्वतः वाचत असे, तेव्हा डोळे पुस्तकात. नाही तर ऐकत असे, तेव्हा डोळ्यांपुढे धुके. ऐकणाऱ्या बायकांची तोंडे मी कधी पाहिलीच नव्हती. मुलीची नाव काठाला लागते तिथे सफिया आली. पारूचे ओठ आपोआप हलत होते. सासूबाईंची पेंग उडाली होती. त्यांनी सुनेचा दंड घट्ट धरला होता आणि ते दोघींपैकी कोणालाच माहीत नव्हते. आणि भागी, जी त्या पोरीला खुळी म्हणत होती, ती पायरीकडे तोंड करून बसली होती, कोणाला दिसू नये म्हणून. पण मला दिसत होते, ती रडत होती.

जयाला घेऊन एखाद्या सोमवारी ये. माझा जीव तुझ्यात आहे, तुझा माझ्यात ठेव.

तुझी
आवडीअक्का